तीन सिलिंडरांवरची गाडी

‘मिसिंग’ हा शब्द मूळचा इंग्रजी असला, तरी आमच्या वाळवा तालुक्यात त्याचे केव्हाच मराठीकरण झाले आहे. मोटारसायकल मिसिंग मारते, ट्रॅक्टर मिसिंग मारतो, विहिरीवरचे इंजिन मिसिंग मारते. एवढेच काय, पारावर बसलेला एखादा म्हातारा बोलता बोलता मधेच अडखळला, तर शेजारचा ‘आबा, मिसिंग मारायला लागला की वो’ म्हणून मोकळा होतो. अर्थ सगळीकडे एकच. काम बंद पडलेले नाही. पण ठेका चुकतो आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरची पिकअप दोन महिने असा ठेका चुकत होती. त्याच सत्रात आम्हांला तर्कशास्त्राचा पेपर होता. सकाळी वर्गात कार्यकारणभाव आणि दुपारी गॅरेजात कार्यकारणभाव, असा माझा दुहेरी अभ्यासक्रम चालला होता. दोन्हीकडचे गुरू एकमेकांना ओळखत नाहीत. पण दोघे एकच विषय शिकवीत होते, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच. ज्यांना मोटारीतले काही कळत नाही त्यांनीही हे वाचायला हरकत नाही.

आधी गाडीची ओळख करून देतो. ती आणि मी एका वयाचे. दोघांनाही एकोणीस वर्षे झाली. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती दुसऱ्याच्या हातची घेतली तेव्हा मी चौथीत होतो. त्याआधी बरीच वर्षे ते लोकांच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. ज्या दिवशी गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी आईने तिला ओवाळले आणि आजीने चाकाखाली लिंबू ठेवले. तेव्हापासून संध्याकाळी बोरगाव-ताकारीच्या बाजूने भाजीपाला गोळा करायचा, पहाटे पेठ नाक्यावरून पुणे-बंगळूर रस्त्याला लागायचे आणि सौदे सुरू होण्याआधी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात माल उतरायचा, हा तात्यांचा नेम. थोरला भाऊ सोबत हमालीला. माझी कॉलेजची फी, आजीची औषधे, पतसंस्थेचा हप्ता, सगळे त्या हौद्यातून येते. वेळेवर पोचलेला टोमॅटो आणि दोन तास उशिरा पोचलेला टोमॅटो दिसायला सारखाच असतो, पण भाव सारखा मिळत नाही. त्यामुळे आमच्याकडे गाडीच्या तब्येतीची चौकशी माणसाच्या तब्येतीआधी होते.

तर हिला दुखणे असे लागले. पहाटे सेल्फ मारला की इंजिन लागायचे, पण सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायची. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट यायचे आणि डोळे झोंबायचे. पंधरावीस मिनिटांनी इंजिन तापले की थरथर कमी व्हायची, धूर विरायचा. तात्यांना वाटायचे, बरी झाली. मग भरल्या गाडीने चढ लागला की पुन्हा ओढ जायची. डिझेल मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागायचे.

आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येकजण जसा औषध सांगतो, तसे आमच्या दारात झाले. तात्या म्हणाले, डिझेलमध्ये भेसळ. भाऊ म्हणाला, पंप गेला. शेजारचे काका म्हणाले, हवा धरली असणार. आजीचे निदान सर्वांत सोपे होते. ‘नजर लागलीया. गल्लीत आनी कुनाची हाय का गाडी?’ तिने बॉनेटच्या खाली लिंबू-मिरची बांधली, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडी गपगुमान चालली! आजी आठ दिवस कुणाचे ऐकत नव्हती. त्या दिवशी ढग आले होते आणि पहाटेची थंडी मोडली होती, ही गोष्ट कुणी ध्यानात घेतली नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढेच. आमच्या सरांनी फळ्यावर ‘काकतालीय न्याय’ लिहिले त्या दिवशी मला आमच्या बॉनेटखालचे लिंबू आठवून हसू आले.

पण हसण्यासारखे दिवस नव्हते. तात्या एकामागून एक तीन गॅरेजे फिरले. पहिल्याने डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्याने पाइप सोडून हवा काढली, टॅपेट जुळवले. तिसऱ्याने चारही नोझल काढून पंपवाल्याकडे पाठवले. त्यांतले एक खराब निघाले, ते नवे घातले. दरवेळी बिल व्हायचे, दरवेळी ‘आता बघा’ असे आश्वासन मिळायचे, आणि दरवेळी चौथ्या दिवशी पहाटे तोच पांढरा धूर. सगळे मिळून ९,५०० रुपये गेले. दोनदा गाडी वाटेत रेंगाळली आणि सौदा चुकला. एका जुन्या बागायतदाराने, तात्यांना वाईट वाटू नये अशा गोड शब्दांत, आपला माल दुसऱ्या गाडीला द्यायला सुरुवात केली.

त्या काळात घरात एक वेगळीच कुजबुज सुरू झाली. गाडी मोडीत काढावी, तात्यांनी पुन्हा दुसऱ्याच्या ट्रकवर जावे, आणि मी तिसऱ्या वर्षाचे पुढे बघू. चुलते आमचे स्वभावाने वाईट नाहीत, पण तोंडाने फटकळ. एकदा जेवताना म्हणाले, ‘गाडीचं काय घिऊन बसलाय? तुमच्या घरात बी चार सिलिंडर हाइत. तीन ओढत्यात, एक नुसतं डिझेल पितंय.’ सगळे हसले. तात्या हसले नाहीत. मी ताटाकडे बघत राहिलो. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आणि तोही इंजिनिअरिंगला नव्हे, आयटीआयलाही नव्हे, तर बी.ए.ला! त्यामुळे या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे ते मला नीट माहीत नव्हते.

शेवटी कुणीतरी आष्टा रस्त्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे नाव सांगितले. सगळा गाव त्यांना चाचा म्हणतो, मीही तेच म्हणेन. गॅरेज कसले, चार पत्रे आणि एक कडुनिंब. शाळा चौथीपर्यंत झालेली.

मला वाटले होते की चाचा आधी पाना हातात घेतील. त्यांनी आधी बिडी घेतली. मग तात्यांना समोर बसवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. कधीपासून? गार असताना जास्त का तापल्यावर? रिकामी का भरलेली? धूर कसल्या रंगाचा? आजवर कुणी काय काय केले, आणि कुठल्या क्रमाने? तात्या अधीर झाले. ‘मिस्त्री, गाडी बगा की आदी.’ त्यावर चाचा म्हणाले, ‘बगतोयच की. पाना लावायच्या आदी इच्यारून घ्यावं. पार्ट बदलायला अक्कल लागत न्हाय तात्या, पैसा लागतोय. आन् त्यो तुमचा हाय.’

मग गाडी सुरू केली. चाचांनी सायलेन्सरपुढे तळहात धरला, वास घेतला आणि म्हणाले, ‘एका घरात आग लागंना.’

इथे मला थांबून थोडे तर्कशास्त्र सांगितले पाहिजे. आपल्या न्यायशास्त्रातले सर्वांत प्रसिद्ध अनुमान धुराचेच आहे. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. आमच्याकडे पर्वत नाही, पण साखराळ्याच्या साखर कारखान्याचे धुराडे आहे. ते धूर सोडू लागले की गाळप सुरू झाले, हे आमच्या भागातले पोरही सांगते. मग चाचा उलटे कसे म्हणतात? धूर आहे, म्हणून आग नाही? मी सकाळचा धडा आठवून गोंधळलो.

पण नैयायिक कच्चे नव्हते. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने विद्यार्थ्यांसाठी ‘तर्कसंग्रह’ लिहिला, त्या परंपरेत दोन बारकावे सांगितले आहेत. एक, जेथे अग्नी तेथे धूर असलाच पाहिजे असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओले इंधन लागते. दुसरा बारकावा असा की लांबून दिसणारी वाफ किंवा धुके यालाच कुणी धूर समजला, तर त्याचे अनुमान पायातच फसते. आमच्या गाडीचा पांढरा धूर हा खरा धूर नव्हताच. न जळलेल्या डिझेलचे ते धुके होते. काळा धूर म्हणजे डिझेल अर्धवट जळले, निळा धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळते आहे, आणि पांढरा म्हणजे डिझेल आत गेले पण पेटलेच नाही. चाचांनी न्यायशास्त्र मोडले नव्हते. धूर आणि वाफ यांतला फरक ओळखला होता.

डिझेल पेटते कसे, हेही मला त्याच दिवशी नीट कळले. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. सायकलला हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. इथे तीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणात होते. सिलिंडरमधली हवा साधारण १८ पट दाबली जाते, तिचे तापमान ५०० अंशांच्या पुढे जाते, आणि त्या तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटला की तो आपोआप पेटतो. म्हणजे काडी नाही, दाब हीच काडी. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ही कल्पना घेऊन १८९३ पासून आउग्सबुर्ग येथे प्रयोग केले आणि १८९७ मध्ये त्याचे इंजिन यशस्वी ठरले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, हे ऐकून आमच्या भुईमुगाच्या मुलखाला बरे वाटावे. हा माणूस १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. त्याचे नाव मात्र आज आमच्या खेड्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे, आणि ते माणसाचे नाव आहे हे कुणाच्या गावीही नाही.

आमच्या जिल्ह्याला इंजिन काही परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, ती आमच्याच जिल्ह्यात. पुढे १९४६ मध्ये याच घराण्याने पुण्याला ऑइल इंजिनांची कंपनी काढली, आणि वीज पोचण्याआधी कित्येक विहिरींवर ती इंजिने पुकपुकू लागली. आमच्या आजोबांच्या वेळी वाट्याच्या विहिरीवर असेच एक होते. त्याला सिलिंडर एकच. त्यामुळे दुखणे लपत नसे. चालले तर चालले, नाहीतर बंद. पिकअपला सिलिंडर चार. इथे गंमत अशी की एक मेले तरी तिघे गाडी ओढत राहतात. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर चारही सिलिंडर मिळून मिनिटाला १,५०० वेळा पेट घेतात. एक मेले की ११२५. उरलेल्या ३७५ वेळा नुसता धक्का. गाडी चालते म्हणून आपण म्हणतो, चालते आहे. तिघांच्या मेहनतीमुळे चौथ्याचे दुखणे झाकले जाते.

आता चौघांतला मेलेला कोण, हे कसे ओळखायचे? चाचांनी इंजिन सुरूच ठेवले आणि माझ्या हाती बॅटरी दिली. पंपापासून प्रत्येक नोझलला पोलादी पाइप जातो. पहिल्या पाइपचा नट त्यांनी पान्याने थोडा ढिला केला. डिझेल बाहेर गळू लागले, सिलिंडरला मिळेना, आणि इंजिनाचा आवाज खाली बसला. नट आवळला, आवाज वर आला. ‘ह्यो जित्ता हाय.’ दुसरा नट. आवाज पडला. जित्ता. तिसरा नट ढिला केला आणि आवाजात तिळाएवढा फरक पडला नाही. चौथा पुन्हा जित्ता. ‘तिसरा.’ चाचांनी एवढेच सांगितले. मी बोट पुढे नेले तसे त्यांनी मनगट धरले. ‘फडकं धर. हात लावायचा न्हाय. ह्या डिझेलला दाब असतोय, कातडीत सुईगत घुसतंय.’

वाचकहो, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये तर्कशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या. त्यांतली एक व्यतिरेक पद्धती. सगळी परिस्थिती तशीच ठेवायची, फक्त एक गोष्ट काढून घ्यायची, आणि काय बदलते ते पाहायचे. आम्ही ती परीक्षेसाठी पाठ केली होती, उदाहरणासह. चाचांनी ती माझ्यापुढे चार वेळा करून दाखवली, तेही पाच मिनिटांत. आणि पहाटेच्या गारठ्यात दुखणे वाढते, इंजिन तापले की कमी होते, हे त्यांनी आधीच विचारून घेतले होते. एक गोष्ट कमीजास्त होते तशी दुसरीही होते, ते सहचारी परिवर्तन! त्यांना ही नावे माहीत नाहीत. आम्हांला फक्त नावे माहीत होती.

तात्या म्हणाले, ‘मग तिसरं नोझल गेलं. पर ते तर नवंच घातलंय.’ चाचांनी मान हलवली. तिसऱ्या घरातले नोझल काढून पहिल्यात बसवले आणि पहिल्यातले तिसऱ्यात. पुन्हा नट ढिले करायचा तोच प्रकार. नोझल खराब असते, तर दुखणे त्याच्याबरोबर पहिल्या घरात गेले असते. ते गेले नाही. तिसरे घर तिसरेच राहिले. म्हणजे नोझल निर्दोष. मग तिसऱ्या पाइपला डिझेल नीट येते का ते पाहिले, येत होते. पंपही निर्दोष. एकेक संशयित असा सन्मानाने सुटत होता. अशा प्रत्येक निर्दोष सुटकेमागे आमचे काही हजार रुपये वाचत होते, हे तात्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मग चाचांनी तिसऱ्या नोझलच्या बुडाशी चमचाभर डिझेल ओतले आणि मला वाकून पाहायला सांगितले. इंजिनाच्या प्रत्येक ठेक्याला तिथे बारीक बुडबुडे येत होते. दाब तिथून निसटत होता. जो दाब काडीचे काम करतो, तोच बुडातून पळत होता. म्हणून गार इंजिनात हवा पुरेशी तापत नव्हती, डिझेल पेटत नव्हते. इंजिन तापल्यावर कसेबसे पेटत होते.

नोझल पुन्हा काढले. टोक वाकवलेल्या तारेने चाचा त्या भोकात बराच वेळ काहीतरी चाचपत राहिले. शेवटी काजळीने काळी झालेली, चेपलेली तांब्याची एक चकती वर आली. वायसर! नोझलखाली तांब्याची एकच वायसर असायची असते. मागे कुणीतरी नोझल बदलताना जुनी आतच चिकटून राहिली होती, आणि तिच्यावर नवी बसली होती. त्यामुळे नवे नोझल थोडे वर उचलले गेले, बसक तिरकी झाली, दाब गळू लागला आणि फवारा भलत्याच ठिकाणी पडू लागला. चाचांनी बसक खरवडून साफ केली, एक नवी वायसर घातली, नट बेताने आवळला. सेल्फ मारला. इंजिन एकसारखे चालू लागले. तात्या काही बोलले नाहीत. बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले, जसे ताप उतरलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.

बिल झाले ३५० रुपये. त्यात वायसरचे २०.

घरी येताना मी एका कोड्यात होतो. दुखणे तर नोझल बदलायच्या आधीपासून होते; मग वायसर कारण कशी? त्याचे उत्तर मिलच्याच ग्रंथात आहे. एकाच कार्याला निरनिराळ्या वेळी निरनिराळी कारणे असू शकतात. पहिले कारण खरोखर खराब नोझल होते. ते काढताना नकळत दुसरे कारण जन्माला आले, आणि दोघांचा चेहरा अगदी सारखा. म्हणून सगळ्यांना वाटले, आजार जुनाच आहे. औषध बरोबर होते, पण ते देताना नवी जखम झाली. समाजातले किती जुने प्रश्न असे असतील, असा एक विचार मनात आला. तो मोठ्यांनी करावा.

आता नव्या गाड्यांना कॉम्प्युटर असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम देशभर लागू झाले, तेव्हापासून तर प्रत्येक नवी गाडी आपले दुखणे स्वतःच नोंदवून ठेवते. यंत्र जोडले की पडद्यावर तिसऱ्या सिलिंडरचे नाव येते. चाचांची नटाची परीक्षा तिथे चालायची नाही. तसे करणे धोक्याचेही आहे. ‘मग चाचा, तुमचं काम संपलं?’ असे मी पुढे एकदा विचारले. ते म्हणाले, ‘मशीन सांगतंय कोन मेला. कशानं मेला, ते इच्यारावंच लागतंय की.’

ती पिकअप अजून धावते आहे. तो जुना बागायतदार परत आलेला नाही. विश्वास ही वायसरइतकी स्वस्त वस्तू नव्हे. तात्या म्हणतात, येईल. मी तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरणार, हेही ठरले आहे. गाडी दुरुस्त झाली म्हणून मी हुशार ठरलो, असे कुणी म्हणालेले नाही; दुरुस्त करणारे चाचा होते, मी बॅटरी धरली होती. पण घरी गेल्यावर कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी आली, आणि कोणता खर्च का वाया गेला, हे तात्यांना कागदावर लिहून दिले ते मी. तो कागद त्यांनी गाडीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांबरोबर ठेवला आहे. पुन्हा कुणी पाना हातात घेऊन आला, की आधी तो वाचायला देणार म्हणतात.

चुलत्यांच्या थट्टेला मी अजून उत्तर दिलेले नाही. देईन तेव्हा एवढेच म्हणेन, की एखादे सिलिंडर ओढत नसेल, तर त्याला लगेच मोडीत काढू नये. आधी त्याची बसक तपासावी. कित्येकदा नोझल नवे आणि निर्दोष असते. त्याच्याखाली पूर्वीच्या कुणाची तरी जुनी चकती राहून गेलेली असते. आमच्यासारख्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलांना हे फार सांगायला नको.